शरीरसंबंधानंतर लघवीला जळजळ का होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत हा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येतो. कंबर दुखते, ॲसिडिटी होते, झोप लागत नाही, असं सगळं सांगून होतं, पाय चपलांत सरकतात आणि मग हळूच, "अजून एक विचारायचं होतं..." त्या 'अजून एक'साठीच बाई तासभर बाहेर बसलेली असते. पुरुषांचंही फार वेगळं नसतं. ते 'उष्णता झालीय' एवढंच म्हणतात आणि बाकीचं समोरच्याने ओळखायचं असतं. इथे ते प्रश्न आडपडदा न ठेवता घेतले आहेत.

संबंधानंतर थोडी जळजळ सगळ्यांनाच होते ना?

बऱ्याच दिवसांनी संबंध आला, पहिल्या लघवीला जरा चुरचुरलं आणि दोन-चार तासांत थांबलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. नाजूक त्वचा घासली गेलेली असते, तिच्यावरून लघवी गेली की झोंबते. पण दर वेळी होत असेल, दुसऱ्या दिवशी वाढत असेल किंवा त्या धास्तीने संबंधच नकोसा वाटत असेल, तर ते 'होतंच' या खात्यात टाकू नका. 'बाईमाणसाला एवढं सोसावंच लागतं' हे घरोघरी ऐकू येतं, वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात ते नाही.

कारण कोणतं, याचा अंदाज घरच्या घरी येतो का?

बराचसा येतो. स्वतःला दोन गोष्टी विचारा : आग केव्हा सुरू झाली आणि नेमकी कुठे होते. या दोन उत्तरांवरून डॉक्टरचंही निम्मं काम होतं.

आधी 'केव्हा'. संबंध चालू असताना किंवा लगेच नंतर झोंबू लागलं, तर जंतूंवर आळ घेऊ नका. त्यांना मूत्राशयात चढून वाढायला वेळ लागतो. लगेच होणारी आग बहुधा कोरडेपणाची, घर्षणाची, एखाद्या बारीक चिरेची किंवा कंडोम, जेल न सोसण्याची असते. एक-दोन दिवसांनी सुरू झाली, सारखी घाईची लघवी लागतेय, गेल्यावर चमचाभर होतेय, शेवटच्या थेंबाला ओटीपोटात कळ येतेय, असं असेल तर मूत्राशयाचा जंतुसंसर्ग, ज्याला आता सगळेच 'यूटीआय' म्हणतात, तो धरून चाला. आणि आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर, जोडीदार नवा असताना, वेगळ्या रंगाचा किंवा वासाचा स्राव घेऊन जळजळ आली, तर लैंगिक संबंधातून पसरणारा आजार तपासायला हवा. हे दिवस ठोकताळ्याचे आहेत, पण ठोकताळाही बरंच काही सांगतो.

आता 'कुठे'. लघवी आतल्या नळीतून येतानाच जळते की बाहेर येऊन त्वचेला लागल्यावर झोंबते? हा फरक अनेकींनी कधी पाहिलेलाच नसतो. एक सोपा उपाय आहे. लघवी करताना मगाने त्या जागेवर कोमट पाणी ओतत राहा. पाण्याने आग जाणवेनाशी झाली, तर दुखणं बाहेरच्या त्वचेचं आहे : बुरशी, चीर, फोड, रसायनाची भाजणी. पाणी ओतूनही आत तसंच जळतंय, तर मूत्रनळी किंवा मूत्राशय.

हा त्रास बायकांनाच जास्त का?

शरीराची रचनाच तशी आहे. बाईची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची साधारण २० सेंटिमीटर. शिवाय बाईचं लघवीचं छिद्र, योनी आणि शीची जागा अगदी शेजारी-शेजारी. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू तिथल्या त्वचेवर असतोच, कितीही स्वच्छ राहिलं तरी. संबंधाच्या वेळी होणाऱ्या हालचालीने तो पुढे, लघवीच्या छिद्राकडे ढकलला जातो. तिथून मूत्राशय फक्त चार सेंटिमीटरवर. तरुण, एरवी निरोगी बायकांमधल्या मूत्राशयाच्या संसर्गांत दर पाचातले साधारण चार याच जंतूमुळे होतात. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा आजार गाठतो. आईला वारंवार होत असेल, तर लेकीलाही होण्याची शक्यता वाढते.

लग्नाआधी कधीच झालं नाही, लग्नानंतर आठवड्यात सुरू झालं. काय बिघडलं?

काहीच बिघडलेलं नाही. हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टरी बोलीत याला 'हनिमून सिस्टायटिस' असंच नाव पडलंय. थोड्या दिवसांत अनेकदा आलेला संबंध हे यूटीआयचं सर्वांत ठळक कारण, आणि वर्षभरात मिळालेला नवीन जोडीदार हे दुसरं. नवविवाहितेला दोन्ही एकदमच लागू होतात.

त्यात आपल्याकडची भर वेगळी. दिवसभर लग्नाचे विधी, शालू नेसलेला, लघवीला जायची पंचाईत, म्हणून नवरी पाणीच पीत नाही. मग देवदर्शनाचा प्रवास, गाडी थांबते तिथे बाईला जाण्यासारखी जागा नाही. नव्या घरात संडास सासूसासऱ्यांच्या खोलीशेजारी, रात्री उठलं तर सगळ्यांना कळणार, म्हणून सकाळपर्यंत तुंबवून ठेवायचं. जंतूंना याहून चांगली सोय कोण करणार? मुंबईत बायकांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जायच्या हक्काची, मोहीम चालवली तेव्हा काहींना हसू आलं होतं. ज्यांना हसू आलं, त्यांना बहुधा चार सेंटिमीटरची नळी नव्हती.

पहिल्या काही संबंधांत योनीपटलाला किंवा कडेच्या त्वचेला चीर पडली तरीही एक-दोन दिवस लघवी झोंबते. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसल्याने आराम पडतो. पॅड भिजेल इतकं रक्त जात असेल तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

म्हणजे हे नवऱ्याकडून आलं का? त्याचं बाहेर काही असेल का?

याच एका गैरसमजापायी घरं मोडायची वेळ आलेली असते. 'यूटीआय' असं लिहिलेला कागद हातात पडतो, संबंधानंतर झालं एवढं कळलेलं असतं, आणि दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू करतो.

नीट समजून घ्या. मूत्राशयाच्या संसर्गातला जंतू बहुतेक वेळा बाईच्या स्वतःच्याच आतड्यातला असतो. संबंधाने तो फक्त जागा बदलतो. नवरा एकनिष्ठ असो वा नसो, हे होऊ शकतं. म्हणूनच साध्या यूटीआयमध्ये नवऱ्याला औषध देत नाहीत. तसंच 'तिलाच सारखा संसर्ग होतो, तीच अस्वच्छ' हेही खोटं. उलट जास्त धुणाऱ्या बायकांना त्रास जास्त होताना दिसतो. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू राहतात. ते तिथलं आम्ल टिकवून इतर जंतूंना थारा देत नाहीत. साबण, जंतुनाशक द्रावण, सुगंधी 'इंटिमेट वॉश' यांनी पहिल्यांदा तेच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत धुवायचं काही कारणच नाही.

मग लैंगिक आजाराची शंका केव्हा घ्यायची?

जोडीदार नवीन असेल, एकाहून जास्त असतील किंवा जोडीदाराला स्राव, फोड, जळजळ असेल तेव्हा.

गनोरिया, जुन्या लोकांच्या तोंडचा 'परमा', पुरुषात साधारण आठवड्याच्या आत पिवळट पू आणि चांगलीच आग घेऊन येतो. क्लॅमिडिया जास्त लबाड : एक ते तीन आठवड्यांनी थोडीशी जळजळ, थोडा पातळ स्राव, आणि कित्येक बायकांना तर काहीच नाही. तेवढ्या काळात तो गर्भनलिकांपर्यंत जाऊन पुढे मूल राहण्यात अडचण करू शकतो. ट्रायकोमोनासमध्ये अंगावरून फेसाळ, हिरवट, घाण वासाचं जातं. हर्पिसमध्ये पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, ते फुटले की लघवीचा थेंबही सहन होत नाही. काही जणी तर त्या भीतीने लघवी रोखून धरतात आणि मग ती खरंच तुंबते.

हर्पिस सोडला तर या आजारांत दोघांनाही एकाच वेळी औषध घ्यावं लागतं आणि उपचार संपून आठवडा होईपर्यंत संबंध बंद. एकानेच घेतलं तर चेंडू या कोर्टातून त्या कोर्टात फिरत राहतो. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तपासणी आणि औषधं मोफत. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं. कंडोम वापरल्याने यातल्या बहुतेक आजारांचा धोका पुष्कळ कमी होतो. हर्पिसचा तेवढा नाही, कारण फोड कंडोमबाहेरच्या त्वचेवरही असतात.

लघवीच्या रिपोर्टमध्ये काहीच नाही, तरी आग होते. मला वेडं ठरवतायत.

तुम्ही वेड्या नाही. रिपोर्टला फक्त लघवीत काय आहे ते दिसतं, त्वचेला काय झालंय ते दिसत नाही.

कोरडेपणा हे सर्वांत दुर्लक्षित कारण. मन तयार नाही, घाई झाली, भीती वाटतेय, की ओलावा येत नाही आणि घर्षणाने मूत्रनळीचं तोंड सुजतं. यावर औषधाआधी वेळ द्यावा लागतो, आणि तो दोघांनी द्यायचा असतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांनाही ही अडचण येते, कारण त्या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक खाली असतं. पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट जेल मेडिकलमध्ये मिळतं, ते वापरा. आपल्याकडे सर्रास खोबरेल लावतात. त्वचेला ते बहुतेकांना सोसतं, पण लॅटेक्स कंडोमबरोबर कधीच नको : तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं.

कंडोमचं लॅटेक्स काहींना सोसत नाही. लावल्यावर थोड्याच वेळात खाज, लाली, आग. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोजे घालताना ओठ, हात खाजत असतील तर ही शक्यता मोठी. लॅटेक्स नसलेले कंडोम मिळतात. शुक्रजंतूनाशक लावलेले कंडोम वेगळ्याच वाटेने त्रास देतात : ते रसायन लॅक्टोबॅसिलसलाही मारतं आणि यूटीआय वाढतो. पाकिटावरचं वाचून घ्या. क्वचित एखादीला वीर्यातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असते. ओळखायची खूण म्हणजे कंडोम वापरला की त्रास होत नाही.

मग घरगुती उद्योग. 'घट्ट' होण्यासाठी तुरटीच्या पाण्याने धुणं किंवा तसलं जेल लावणं म्हणजे आतली त्वचा कोरडी करून सोलून घेणं. केस काढायची क्रीम लावली आणि त्याच रात्री संबंध आला, तर दुसऱ्या दिवशी लघवी झोंबणारच. आणि हसू नका, पण हिरव्या मिरच्यांचा ठेचा कुटलेला हात हेही एक खरंखुरं कारण आहे. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. हाताला आधी तेल चोळून मग साबणाने धुवावं लागतं.

हे सगळं तपासून झालं आणि महिनोन्‌महिने त्रास चालूच असेल, तर पुढची कारणं शोधायची. मूत्राशय भरत आलं की दुखतं, रिकामं झालं की बरं वाटतं, संबंधानंतर दोन दिवस वाढतं, दर वेळी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) स्वच्छ : हा मूत्राशयवेदनेचा वेगळा आजार असू शकतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असले तरी असंच होतं, आणि त्याला गोळी नाही, फिजिओथेरपी लागते. लघवी करून उठल्यावरही थेंब गळतात, संबंध दुखतो आणि लघवी जळते, हे तिन्ही एकत्र असेल तर मूत्रनळीला फुगवटा आलाय का ते पाहावं लागतं. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं वारंवार आलं तर क्लॅमिडिया आणि आपल्या देशात टीबी, दोन्ही तपासायचे.

पुरुषांना का होतं?

वीर्य बाहेर पडल्यावर मूत्राशयाचं तोंड काही वेळ आवळलेलं राहतं. त्यामुळे लगेच लघवी नीट होत नाही, धार दुभंगते, किंचित टोचल्यासारखं वाटतं. ते चालतं. एकदा लघवी झाली की संपतं.

तरुण पुरुषात खरी जळजळ असेल तर पहिली शंका लैंगिक संसर्गाची, कारण वीस सेंटिमीटर चढून जाणारा साधा यूटीआय त्या वयात क्वचित होतो. कातडी मागे घेताना खालची शीर थोडी फाटली तर रक्त येतं आणि लघवी लागली की झोंबतं. कातडी घट्ट असेल, मागे जात नसेल, तिच्या कडेला बारीक भेगा पडत असतील तर साखर तपासून घ्या. मधुमेहाचा पहिला पत्ता कधी कधी इथेच लागतो. वीर्य जाताना दुखणं, मांड्यांच्या मधल्या भागात जडपणा, ताप हे प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या पुरुषी ग्रंथीच्या) सुजेकडे बोट दाखवतात. आणि मूतखडा खाली सरकून मूत्राशयाच्या दारात अडकला तर लघवीचं दुखणं शिश्नाच्या टोकाला जाणवतं. त्याचा संबंधाशी काही संबंध नसतो, फक्त वेळ जुळून येते.

'उष्णतेमुळे धात जाते, म्हणून जळतं' या समजुतीवर भिंतीवरच्या जाहिरातींचे कितीतरी वैद्य पोट भरतात. वीर्य गेल्याने कुणी खंगत नाही. पू जात असेल तर तो धात नाही, संसर्ग आहे.

पाळी जाऊन चार वर्षं झाली. आता या वयात हे का?

आपल्याकडे पाळी साधारण पंचेचाळिशीच्या पुढेमागे, पन्नाशीच्या आत जाते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीची आणि मूत्रनळीच्या तोंडाची त्वचा पातळ, कोरडी होते, उपयोगी जंतू घटतात. मग थोड्या घर्षणानेही चिरा आणि वरचेवर यूटीआय. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम चांगलं काम करतं. जागेवर लावल्यामुळे रक्तात फारच थोडं जातं. स्तनांचा कर्करोग झालेला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं. अनेकजणी हे विचारतच नाहीत, कारण 'या वयात कसलं आलंय ते' असं लोक म्हणतील. विचारा.

मला मधुमेह आहे.

मग बुरशीचा संसर्ग आधी पाहा : दह्यासारखा पांढरा स्राव, प्रचंड खाज, बाहेरून आग. शिवाय डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. साखरेला चटावलेली बुरशी तिथे फोफावते. गोळी मनाने बंद करू नका, पण हा त्रास डॉक्टरांना नक्की सांगा. नवऱ्याच्या कातडीखाली खाज असेल तर त्यालाही बुरशीवरचं मलम लागेल.

गरोदर आहे आणि जळजळ होतेय.

आजच दाखवा. गरोदरपणात मूत्राशयाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो आणि त्यातून अवेळी कळा सुरू होऊ शकतात. लक्षणं नसतानाही लघवीत जंतू सापडले तर औषध देतात, एरवी देत नाहीत. बाळाला चालणारी अँटिबायोटिकं आहेत, पण ती कोणत्या महिन्यात कोणती हे डॉक्टरच ठरवतील. गेल्या वेळची उरलेली गोळी घेऊ नका.

लघवीची तपासणी द्यायची तर कशी?

बाटली भरून दिली की झालं, असं नसतं. चुकीच्या नमुन्यामुळे चुकीचं औषध मिळतं. हात धुवा, जागा साध्या पाण्याने धुवा, योनीचे ओठ दोन बोटांनी बाजूला धरा, सुरुवातीची लघवी जाऊ द्या आणि मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या आत बोट लागू देऊ नका. तासाभरात पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. नीट झाकण लावून, पिशवीत घालून. कल्चर सांगितलं असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना दिल्यावरच. रिपोर्ट यायला दोन ते तीन दिवस लागतात. त्यात त्वचेच्या पेशी खूप दिसल्या तर नमुना बिघडलाय, पुन्हा द्या. लैंगिक आजाराची शंका असेल तर याउलट, सुरुवातीची धार घेतात. म्हणून लॅबमध्ये विचारून घ्या.

मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो गोळी देतो. चालेल?

तो जी देतो ती बहुधा जुलाबासाठी घरात पडून असलेलीच असते, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळी. दोन गोळ्यांनी जरा बरं वाटतं, तिसरी कुणी घेत नाही, पंधरा दिवसांनी आजार परत. भारतातला ई. कोलाय या जातीच्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झालाय. शिवाय या जातीच्या काही गोळ्यांनी टीबीही काही काळ दबतो आणि निदान लांबतं.

साध्या यूटीआयला आज डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरंटॉइनचा पाच-सात दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनची पाण्यात विरघळवून घ्यायची एकच पुडी देतात. नायट्रोफ्युरंटॉइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते चालत नाही. आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही : लघवी 'गार' करणारं सायट्रेटचं सिरप या गोळीसोबत घेऊ नका. लघवी अल्कधर्मी झाली की या गोळीची ताकद उतरते. सिरपने आग शमते, जंतू मरत नाहीत. लघवी नारिंगी करणारी वेदनाशामक गोळीही तशीच : दोन दिवस आराम, उपचार नव्हे.

औषध सुरू होऊन ४८ तासांत फरक नसेल तर परत जा.

घरात म्हणतात उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी पी.

प्या. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी, ताक, नारळपाणी यांनी लघवी पातळ होते आणि झोंबणं कमी होतं. 'उन्हाळी' हा शब्द मला आवडतो, कारण उन्हात पाणी कमी पडलं की गडद लघवी जळते हे निरीक्षण त्यात नेमकं पकडलंय. पण ताप आला, रक्त दिसलं, तरी तिसऱ्या दिवशीही 'उन्हाळीच आहे' म्हणत बसणं धोक्याचं.

नुसत्या पाण्याचाही उपयोग होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० बायका होत्या, कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार यूटीआय होणाऱ्या. त्यांतल्या निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. क्रॅनबेरीने काही बायकांमध्ये पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं, झालेला बरा होत नाही. बाजारातला गोड क्रॅनबेरी ज्यूस म्हणजे मुख्यतः साखर. तो महागाचा नाद न केलेला बरा.

संबंधानंतर लगेच लघवीला जायचंच का?

जा. याचा ठाम पुरावा नाही, पण तोटाही नाही, आणि चढू पाहणारे जंतू धारेबरोबर वाहून जातील हा विचार पटण्यासारखा आहे. पळत सुटायची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटांत गेलं तरी पुरे. शी धुताना पाणी आणि हात पुढून मागे न्या. जेट स्प्रे मागून पुढे मारला तर सगळं पुढेच येतं. गुदसंबंधानंतर योनीसंबंध करायचा तर कंडोम बदला.

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा झालं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा म्हणजे 'वारंवार' असं डॉक्टर मानतात. आता दर वेळी कल्चर करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा यूरॉलॉजिस्टला (मूत्ररोगतज्ज्ञाला) दाखवा. त्रास फक्त संबंधानंतरच होतो हे पक्कं असेल, तर प्रत्येक संबंधानंतर दोन तासांच्या आत अँटिबायोटिकचा एकच छोटा डोस घ्यायची पद्धत आहे, आणि ती चांगली लागू पडते. पण ती डॉक्टरने ठरवून, काही महिन्यांपुरती. मैत्रिणीला दिलेली चिठ्ठी तुमच्यासाठी नाही.

कधी थांबायचंच नाही?

थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्ताच्या गाठी, लघवी पूर्ण तुंबणं. मूत्रपिंडाला संसर्ग पोचल्याची लक्षणं यात आहेत, रात्र असली तरी निघा. एकच मूत्रपिंड असेल किंवा मधुमेह हाताबाहेर गेलेला असेल, तर एवढी लक्षणं दिसायचीही वाट पाहू नका.

पुन्हा संबंध कधी ठेवायचा?

यूटीआयमध्ये जळजळ पूर्ण थांबून कोर्स संपल्यावर. मध्येच ठेवला म्हणून पाप लागत नाही, पण सुजलेल्या जागेला पुन्हा घासून काय मिळणार?

संबंध माझ्या मर्जीने नव्हता.

मग आधी तुमची सुरक्षितता. कोणत्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयाला तुमच्यावर लगेच आणि मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे, पोलीस तक्रार आधी लागत नाही. शक्यतो ७२ तासांच्या आत जा, म्हणजे एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळणारी औषधं वेळेत देता येतात. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२. वय १८ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. उपचार त्यासाठी अडवले जात नाहीत.

डॉक्टर पुरुष आहेत, गावात दुसरे नाहीत. सांगू कसं?

कागदावर लिहून न्या आणि पुढे सरकवा : संबंध कोणत्या तारखेला आला, आग किती तासांनी सुरू झाली, आत की बाहेर, स्राव कोणत्या रंगाचा, शेवटची पाळी कधी, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या. तपासणीच्या वेळी सोबत बाई असावी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. नर्स चालेल, बहीण चालेल. सासूबाई आत येतो म्हणाल्या आणि तुम्हाला नको असेल, तर "त्यांना बाहेर बसवा" हेही त्याच कागदावर लिहा.